सत्यशोधक लग्नात बाईच्या वाट्याला काय, पुरुषाच्या वाट्याला काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सत्यशोधक पद्धतीने लग्नं लावते. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गेली चौदा वर्षं. लग्न ठरलं की आधी मुलगा-मुलगी फोन करतात, मग दोघांच्या आया, मग एखादी आत्या, आणि शेवटी मुलाकडचे कुणी काका. विचारणारे बदलतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते एकत्र लिहून काढले. प्रत्येक उत्तर एकेकटं वाचलं तरी कळेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सत्यशोधक लग्न म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या लग्नापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

भटजी नसतो, मुहूर्त नसतो, कन्यादान नसतं, हुंडा आणि मानपान नसतं. लग्न लावणाऱ्याला आम्ही विधिकर्ता किंवा विधिकर्ती म्हणतो, आणि त्या व्यक्तीला जातीची किंवा लिंगाची अट नसते. मंचावर जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या तसबिरी असतात, पुष्कळ ठिकाणी शाहू महाराज आणि बाबासाहेबांच्याही. दोघं तसबिरींना फुलं वाहतात, जोतिरावांनी रचलेली मंगलाष्टकं म्हटली जातात, दोघं एकमेकांना हार घालतात आणि सगळ्यांसमोर शपथ वाचतात. तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

शपथ दोघांची सारखीच असते, हा यातला मुख्य भाग. नेहमीच्या लग्नात नवरा घेणारा आणि नवरी दिली जाणारी. इथे दोघंही बोलणारी असतात. मुलगी माइक हातात घेऊन पाहुण्यांसमोर खणखणीत आवाजात वाचते, तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका गप्पा थांबवून बघायला लागतात. हे मी दर लग्नात पाहते.

२. हे अलीकडचं खूळ आहे का? आमच्याकडे मोठी माणसं तसंच म्हणतात.

मोठ्या माणसांना सांगा, हे त्यांच्या पणजोबांच्या काळापासून चालत आलं आहे. जोतिराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं लग्न लागलं: सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. ओतूरला असं लग्न लागल्यावर गावच्या जोशांनी दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि ते प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं.

१८८७ मध्ये जोतिरावांनी मंगलाष्टकांसह सगळे विधी पुस्तकरूपाने छापले. त्या मंगलाष्टकांतली नवरी मुकाट्याने खाली मान घालून उभी नाही. बायकांना त्यांचे हक्क देणार का, असं ती नवऱ्याला विचारते, आणि नवऱ्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. मुलींची लग्नं खेळण्याच्या वयात होत होती, तेव्हाचं हे लिखाण आहे.

३. कन्यादान नसेल तर आमच्या बाबांना फार वाईट वाटेल. थोडं केलं तर चालणार नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्या मुलीच्या आवाजात अपराधीपणा असतो. म्हणून सावकाश सांगते.

बाबांना वाईट वाटतं ते दान हुकलं म्हणून नसतं. मुलीच्या आयुष्यातल्या मोठ्या क्षणी आपल्याला काहीच काम उरलं नाही, म्हणून वाटतं. नेहमीच्या लग्नात बापाला तेवढीच एक जागा असते, जावयाचे पाय धुवायची आणि मुलगी हातावर पाणी सोडून द्यायची. ती काढली की तो मांडवात नुसता उभा राहतो. तेव्हा काढल्याच्या जागी काहीतरी ठेवा. आम्ही चारही आईवडिलांना मंचावर बोलावतो. मुलीचे आईवडील मुलीच्या हातात हार देतात, मुलाचे मुलाच्या हातात. मग प्रत्येकाने दोन-दोन वाक्यं बोलायची.

कराडजवळच्या एका लग्नात मुलीचे वडील, हमाली करणारा माणूस, आदल्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलत नव्हते. मंचावर आले, माइक घेतला आणि म्हणाले, “ही माझी पोरगी आहे, उद्याही माझीच राहणार. हिचं घर आता दोन.” पुढे त्यांना बोलता आलं नाही. खाली मुलाची आई पदराने डोळे पुसत होती.

‘थोडं’ कन्यादान करता येत नाही. माणूस थोडा दान दिला, असं होत नाही. आणि कायद्याची काळजी असेल तर, हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नालाही कन्यादान आवश्यक नाही, असं अलाहाबाद हायकोर्टाने २०२४ मध्ये सांगितलं आहे.

४. मंगळसूत्र आणि जोडवी घालायची की नाही?

कायद्याला त्याचं काही देणंघेणं नाही. आमच्या विधीतही ते नाही. पण विधीत नाही म्हणून मुलीच्या गळ्यात नसतंच, असं मी म्हणणार नाही. पुष्कळ मुली नंतर घालतात. काही आवडतं म्हणून, आणि काही “चार लोकांत जाताना तरी घाल गं” हे रोज ऐकून कंटाळून.

माझी पद्धत अशी: लग्नाआधी मी मुलीशी एकटीशी बोलते. आई, सासू, होणारा नवरा कुणीही शेजारी नसताना. ती हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही. नाही म्हणणाऱ्या मुलीच्या बाजूने बोलायची जबाबदारी मुलाने घ्यायची, हेही तेव्हाच ठरवून टाकते, कारण पुढे टोमणे तिला ऐकावे लागतात आणि तो तेवढ्यापुरता बाहेर अंगणात जातो.

५. मुलाची आई विधवा आहे. ती मंचावर आली, ओवाळलं, तर चालतं का?

चालतं, आणि तिनेच पहिल्यांदा यावं असा माझा आग्रह असतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. राज्य सरकारने मग इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तेव्हा हे आता केवळ चळवळीपुरतं राहिलेलं नाही.

तरीही प्रत्यक्षात अडतं ते त्या आईच्याच पायांपाशी. मी नाव घेऊन बोलावते आणि ती जागची हलत नाही. “नको, पोराला लागेल काही.” वीस-वीस वर्षं तिला हेच ऐकवलेलं असतं. म्हणून आता मी आदल्या दिवशी तिच्या घरी जाते, चहा घेते आणि उद्या कुठे उभं राहायचं, हार कसा द्यायचा, ते तिच्याकडून एकदा करून घेते. सराव झालेला असला की पाय उचलतात.

६. बाईने लग्न लावलेलं लोकांना पटतं का?

पटतं. पहिली पाच मिनिटं कुजबुज असते, मग कुणाच्या लक्षातही राहत नाही. पारंपरिक विधी मानणाऱ्यांतही हे नवीन नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं आहे आणि त्या लग्न-मुंजी लावतात. आमचा आणि त्यांचा मार्ग वेगळा आहे, पण मांडवात बाई उभी राहते हे तिथेही घडलं, हे मी मोकळेपणाने सांगते.

७. चळवळीतल्या घरांत तरी कामं खरोखर वाटून होतात का?

बऱ्याच घरांत होत नाहीत. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

माझं स्वतःचं लग्न सत्यशोधक पद्धतीने झालं. शपथपत्र आम्ही फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आमच्याकडे कार्यकर्त्यांची बैठक होती, विषय स्त्रीमुक्ती आणि जातिअंत. बावीस माणसं. माझा नवरा त्या फ्रेमखाली बसून बोलत होता आणि मी आत बावीस कप चहाचं पाणी मोजत होते. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. एक कार्यकर्ती उठून आत आली आणि न बोलता कप विसळायला लागली. पुरुषांपैकी कुणी आलं नाही. ती सगळी माणसं चांगली होती, आजही आहेत. आत काहीतरी काम चाललंय, हे त्यांना दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराला वहीचा कागद चिकटवला. दोन रकाने, त्याचा आणि माझा. केर, पाणी भरणं, भाकऱ्या, भांडी, सासूबाईंच्या गोळ्या, गॅसचा नंबर, कोण आलं-गेलं. महिनाभर रोज रात्री खुणा केल्या. भांडण एकदाही केलं नाही. महिन्याअखेर त्याने तो कागद काढून हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसला. त्यानंतर सकाळच्या भाकऱ्या त्याच्याकडे गेल्या. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच तुटली, दुसरी करपली. सासूबाई आठवडाभर जेवताना बोलल्या नाहीत. आज त्याची भाकरी माझ्यापेक्षा चांगली फुगते.

तेव्हापासून मी लावते त्या प्रत्येक लग्नात शपथेला एक भाग जोडते. ‘आम्ही समानतेने वागू’ एवढ्यावर थांबत नाही. मुलाने कामांची नावं घेऊन वाचायचं: मी रोज सकाळचा स्वयंपाक करीन, कपडे मी धुवीन, मूल आजारी पडलं तर रजा आळीपाळीने घेऊ. जे जमणार असेल तेच लिहायचं. पाहुणे हसतात, हसू द्यावं. पण सहा महिन्यांनी त्या मुलीला बोट ठेवायला एक ओळ मिळते.

आणि हे दुखणं जुनं आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना थेट जाब विचारला, तेव्हा सुधारकांनाही ते झोंबलं. जोतिराव मात्र आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. ताराबाई त्यांच्याच सत्यशोधक वर्तुळातल्या. पुस्तक आलं आणि त्या एकट्या पडल्या, हे मला आजही लागतं.

८. मग नेहमीच्या घरांत आणि तुमच्यात फरक काय राहिला?

फरक आहे, पण वाटतो तिथे नाही. देशाचं वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांत बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटांचा. आणि असं काम करणारे पुरुष मुळात चारातला एक, बायका मात्र पाचातल्या चार. आमच्या लोकांचे आकडे वेगळे काढले तर फार वेगळे येतील, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

उलट मला कितीतरी साधी जोडपी माहीत आहेत, ज्यांचं लग्न भटजीने लावलं, ज्यांनी फुल्यांचं एक पानही वाचलेलं नाही. तो एमआयडीसीत रात्रपाळीला, ती दवाखान्यात दिवसपाळीला. जो घरी असतो तो कुकर लावतो. गरजेने झालेली ही वाटणी पुष्कळदा आमच्या विचारांनी झालेल्या वाटणीपेक्षा पक्की निघते.

आमच्या बाजूचा फरक असा की आमच्या मुलीला भांडायला भाषा मिळते. “तू सगळ्यांसमोर वाचलं होतंस” असं ती म्हणू शकते, आणि हे ऐकून घेणं तिच्या नवऱ्याला चुकवता येत नाही. ज्या मुलीच्या लग्नात तिचं तोंडच उघडलं गेलं नाही, तिला हेच भांडण पहिल्या शब्दापासून सुरू करावं लागतं.

९. खर्च कोण करतं?

निम्मा-निम्मा. जेवणाचं निम्मं, मांडवाचं निम्मं. हुंडा घेणार नाही म्हणणारी काही घरं “मुलीला काय घालायचं ते तुमच्या हौसेने घाला” असं सांगतात. ही हौस म्हणजे हुंडाच. असं कानावर आलं तर मी लग्न लावायला जात नाही.

१०. लग्नानंतर नाव बदलावं लागतं का? मुलांच्या नावाचं काय?

नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. माहेरचं नाव आयुष्यभर ठेवता येतं आणि पासपोर्ट, बँक, पॅन सगळं त्याच नावाने चालतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदोपत्री आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. चळवळीतली काही माणसं कितीतरी आधीपासून आईचं नाव लावत होती. तेव्हा शाळेच्या दाखल्यापाशी त्यांना अडवलं जायचं. आता तोच क्रम सरकारने सगळ्यांसाठी आणला.

११. आम्ही समानतेची शपथ घेतली, पण दादा म्हणतो हक्कसोडपत्रावर सही कर. काय करू?

लगेच सही करू नका. कुणी कितीही घाई केली तरी.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर आला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असले पाहिजेत असं नाही. हक्कसोडपत्र नोंदवून फेरफार झाला की तुमचं नाव सात-बाऱ्यावरून जातं. नंतर मत बदललं तर ते परत आणणं फार जड जातं.

आता मनातलं सांगते. फुले-आंबेडकरांवर तासभर बोलणारे, बहिणीच्या सत्यशोधक लग्नात मांडव घालायला राबलेले भाऊ मी तलाठ्याच्या कचेरीबाहेर बहिणीला रिक्षातून उतरवताना पाहिले आहेत. बहीण म्हणते, “माहेर तुटायला नको.” मला तिचं भय कळतं. रक्षाबंधनाला, दिवाळीला, बाळंतपणाला जायला तिला एक दार हवं असतं. पण जमिनीच्या बदल्यात उघडं राहणारं दार तिला स्वतःच्या पायावर कधी उभं करणार नाही.

शेतकरी संघटनेचं उदाहरण इथे आठवतं. तिच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला झालं, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. ती माणसं लग्नं पारंपरिक पद्धतीनेच लावणारी होती. पण सात-बाऱ्यावर बायकोचं नाव चढवलं. मी आता लग्न ठरवायला आलेल्या मुलाला विचारते, “घर घेशील तेव्हा दोघांच्या नावावर घेणार का? आणि तुझ्या बहिणीच्या हिश्श्याचं काय ठरलंय?” दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण आईकडे बघतात.

१२. हे लग्न कायद्याने ग्राह्य आहे का?

निव्वळ सत्यशोधक विधीवर विसंबू नका. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न नोंदवा. मी हे हट्टाने सांगते, कारण कागद पक्का नसला की अडचणीच्या वेळी मार बाईलाच बसतो.

कारण असं. हिंदू विवाह कायद्यात लग्न दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीप्रमाणे व्हावं लागतं. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर त्या कायद्याखाली लग्न होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलं. तमिळनाडूने १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तिथल्या स्वाभिमान विवाहांना, म्हणजे भटजीविना हार किंवा अंगठी घालून झालेल्या लग्नांना, मान्यता दिली. आपल्याकडे तशी सोय नाही, त्यामुळे वाद निघाला तर आपली रूढी सिद्ध करत बसावं लागतं.

विशेष विवाह कायद्यात दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ३० दिवस ती लावलेली राहते. हरकत आली नाही तर नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचं. मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षं पूर्ण. विधी कोणता करायचा हे तुमच्यावर आहे, म्हणून सकाळी नोंदणी आणि दुपारी सत्यशोधक विधी असा दिवस पुष्कळ जण ठरवतात.

एक बारकावा. आधी विधी करून नंतर याच कायद्याखाली नोंदणी करायची असेल, तर नोंदणीच्या वेळी दोघांचंही वय २१ पूर्ण लागतं. मुलगी १९ ची असेल तर आधी नोटीस देऊनच लग्न करा.

१३. विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर वारसाहक्कात फरक पडतो का?

दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर नाही, १९७६ पासून त्यांना हिंदू वारसा कायदाच लागतो. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि एकत्र कुटुंबातलं स्थानही बदलतं. अशा वेळी नोटीस देण्याआधी वकिलाला भेटा.

१४. बौद्ध पद्धतीचं लग्न आणि हे एकच का?

नाही. बौद्ध लग्नात त्रिशरण-पंचशील असतं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असतात. साधेपणा आणि दोघांची बरोबरी यांत दोन्ही जवळची आहेत. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. मी हे सत्यशोधक लग्नांतही सांगते. घरकामाच्या बाबतीत मात्र प्रश्न ७ दोघांनाही लागू आहे.

१५. घरचे म्हणतात, सकाळी तुमच्या पद्धतीने करा आणि दुपारी आमच्या. चालेल?

मी अशा लग्नाला जात नाही. राग म्हणून नव्हे. सकाळी मुलगी “मी कुणाची मालमत्ता नाही” असं वाचते आणि दुपारी तिचे वडील तिला दान देतात. त्यात मुलीच्या शब्दाची किंमत पहिल्याच दिवशी जाते. हळद, मेहंदी, गाणी, उखाणे, रुखवत यांना माझी काही हरकत नसते. उखाणा मात्र दोघांनी घ्यायचा.

१६. मी चळवळीतला मुलगा आहे. मला सत्यशोधक लग्नच करायचंय, पण होणारी बायको पारंपरिक लग्न हवं म्हणते. तिला कसं पटवू?

आधी पटवायचं थांबव, बाळा, आणि तिचं ऐक. तिला नेमकं काय हवंय? शालू, दागिने, मांडवात बसलेल्या मैत्रिणी? की आईवडिलांना दुखवायचं नाही? यातलं बरंचसं सत्यशोधक लग्नातही होतं, तिला कुणी सांगितलेलं नसतं.

समजून घेऊनही ती नाही म्हणाली तर तुझ्या विचारांसाठी तिला मंचावर उभी करू नकोस. मी असं एक लग्न लावलं आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप आहे. मुलगी शपथ वाचत होती आणि प्रत्येक ओळीनंतर नवऱ्याकडे बघत होती. वाक्यं समतेची, आणि हुकूम मात्र त्याचाच. तेव्हापासून मी दोघांना वेगवेगळं भेटल्याशिवाय तारीख देत नाही. तू नोंदणी लग्न कर, हुंडा घेऊ नकोस, सासऱ्यांना पाय धुऊ देऊ नकोस, आणि सकाळचा स्वयंपाक हातात घे. एवढं तुझ्या एकट्याच्या हातात आहे.

१७. जातपंचायतीने वाळीत टाकण्याची धमकी दिली तर?

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे आणि जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. धमकीचे निरोप आणि रेकॉर्डिंग पुसू नका.

१८. आम्ही दोघी मुली आहोत. तुम्ही आमचं लग्न लावाल का?

विधी लावीन. आमच्या शपथेत नवरा हा शब्द काढून जोडीदार घातला की एकही ओळ अडत नाही. पण कायदेशीर लग्न होणार नाही: सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला नाही. म्हणून मृत्युपत्र, बँकेतलं वारसाचं नाव, घराचा करार हे सगळं आधी वकिलाकडून करून घ्या. पारलिंगी व्यक्तीचा जोडीदार भिन्नलिंगी असेल तर प्रचलित कायद्यांखाली लग्न करता येतं, हे त्याच निकालात आहे.

चळवळीतल्या काही ज्येष्ठांना हे मान्य नाही. मी त्यांच्याशी वाद घालते आणि घालत राहीन.

१९. लग्नाचा नाही, पण विचारते: वडिलांना अग्नी मी दिला तर चालेल का? भाऊ नाही, चुलतभाऊ अडून बसलेत.

चालेल. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. त्यांचा मुलगा यशवंत दत्तक, म्हणून भाऊबंदांनी अग्नी देण्याच्या हक्काचा वाद काढला. तेव्हा सावित्रीबाई टिटवं, म्हणजे अंत्यविधीचं मडकं, घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी त्यांनीच दिला.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या दोन बहिणींनी असंच केलं. तयारीचं म्हणाल तर: चुलत्यांशी आदल्या रात्रीच बोलून घ्या, स्मशानात वाद नको. मडकं पाण्याने काठोकाठ भरू नका, खांद्यावर घेऊन फेरी मारताना ते फार जड होतं. साडी असेल तर पदर खोचून घ्या, आणि एका जवळच्या बाईला शेवटपर्यंत शेजारी ठेवा. मला कळवलंत तर मी येईन.